उरलेली वाळू मुलांसाठी नको

प्रति,
पनवेल, नवीन पनवेल, करंजाडे, खारघर, कामोठे, कळंबोली आणि तळोजा परिसरात गृहसंकुले उभारणारे सर्व बांधकाम व्यावसायिक यांस,

विषय : संकुलातल्या मुलांच्या खेळासाठी भरली जाणारी वाळू



आपल्या प्रकल्पांच्या ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, जॉगिंग ट्रॅक यांच्या रांगेत आता मुलांसाठीचा सँडपिटही असतो. छोटेसे चित्र असते, त्यात बादली आणि फावडे असते. मुलांना वाळूत खेळायला जागा हवी, हे आपल्यापैकी कोणाला तरी सुचले याचा मला मनापासून आनंद आहे. त्या खड्ड्यात काय भरायचे हे कोण ठरवते, हा माझा प्रश्न आहे.

मी स्थापत्य अभियंता. नोकरीची बरीच वर्षे साइटवर मालाची गुणवत्ता तपासण्यात गेली. वाळू चाळणे, सिल्ट मोजणे, क्यूब तोडणे, नापास माल परत पाठवणे आणि त्यावरून होणारी भांडणे सोसणे हे माझे काम होते. म्हणजे मी आपल्याच व्यवसायातला आहे. आता संध्याकाळी नातीला घेऊन खाली उतरतो आणि आसपासच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या संकुलांतही जातो. त्यातून आणि आधीच्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगतो. या खड्ड्यात काय भरायचे हे बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवत नाही. ताबा द्यायची तारीख जवळ आली की साइटवर शिल्लक पडलेला ढीग लोडर उचलतो आणि खड्ड्यात ओततो. ढीगही हलतो, ब्रोशरमधली एक ओळही पूर्ण होते. खांबात जाणाऱ्या वाळूची चाचणी होते, प्लास्टरच्या वाळूची होते. ज्या वाळूत दोन वर्षांचे मूल हात घालते आणि तोच हात तोंडात घालते, तिची मात्र कसलीच चाचणी होत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. पुढचे सगळे तिच्यातूनच निघते.

तो शिल्लक ढीग कसला असतो हे आपल्याला सांगायला नको. पनवेल परिसरात आज बांधकामाला मुख्यतः क्रश सँड येते. डोंगरातला काळा पाषाण फोडून क्रशरमध्ये दळलेली ही वाळू. ती वाईट आहे असे मी अजिबात म्हणत नाही. नद्या आणि खाड्या उपसून उपसून आपण त्यांची जी अवस्था केली होती ती पाहता ती यायलाच हवी होती. किहीमच्या किनाऱ्यावरचा वाळूउपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर २००४ मध्ये हल्ला झाला, २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या वाळूउपशाला लगाम घातला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही पर्यावरण परवानगी लागेल असे बजावले, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचे धोरण आणले. काँक्रीटसाठी हा रस्ता योग्यच आहे. पण काँक्रीटचे गुण वेगळे आणि मुलाच्या हाताला हवे असणारे गुण वेगळे.

काँक्रीटला कोनदार दाणा चालतो, सिमेंट त्याला घट्ट धरते. मुलाच्या गुडघ्याला तोच दाणा ओरखडे काढतो. डोळ्यात गेला आणि मुलाने डोळा चोळला की बुबुळावर चरा पडतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी असे झाले आणि त्या मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागले. नदीतला दाणा पाण्याबरोबर मैलोन्मैल घासत येतो म्हणून त्याच्या कडा मोडलेल्या असतात. क्रशरमधला दाणा काल फुटलेला असतो.

त्याहून मोठा प्रश्न धुळीचा. आयएस ३८३ हे आपले वाळू-खडीचे मानक २०१६ साली सुधारले गेले. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाणारा भाग नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांहून जास्त नको, असे ते म्हणते. दगड फोडून केलेल्या वाळूत मात्र हाच भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो. काँक्रीटसाठी ही सवलत विचारपूर्वक दिलेली आहे, त्यात काही गैर नाही. पण १५ टक्के म्हणजे शंभर किलोत पंधरा किलो पीठ. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी मूल फावड्याने वाळू उडवते तेव्हा आधी उडते ते हे पीठ. आमच्या भागातला दगड बेसाल्ट आहे. त्यात मोकळे क्वार्ट्झ फारसे नसते, त्यामुळे सिलिकोसिसची भीती घालून मला कोणाला घाबरवायचे नाही. तरीही धूळ ती धूळच. दम्याचे मूल त्या खड्ड्यापाशी थांबू शकत नाही. आणि पनवेलच्या मुलांच्या वाट्याला आधीच काय कमी धूळ आली आहे? नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फुटताना या पिढीने पाहिली, खाणी-क्रशरवरून भरून येणारे हायवा डंपर शाळेच्या वाटेवर पाहिले. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, पण बांधकामे थांबलेली नाहीत आणि थांबणारही नाहीत. निदान खेळायच्या जागेत तरी ही धूळ आपण आपल्या हाताने आणून टाकू नये.

या पिठाचा आणखी एक गुण आपल्याला पक्का माहीत आहे. पेव्हर ब्लॉकखाली आपण क्रशरची डस्ट अंथरतो, कारण पाणी पडून दबली की ती घट्ट बसते. मुलांच्या खड्ड्यातही ती तेच करते. पहिला पावसाळा झाला की ऑक्टोबरात खड्ड्याच्या जागी राखाडी रंगाचा टणक थर सापडतो. प्लास्टिकचे फावडे त्यात शिरत नाही. शेजारी घसरगुंडी असेल तर पडणारे मूल वाळूवर न पडता जवळजवळ फरशीवर पडते. खेळण्यांखालच्या वाळूबद्दलचे युरोपीय मानक ०.२ ते २ मिलिमीटर दाण्याची, गाळ आणि माती नसलेली, धुतलेली वाळू मागते. दोन मीटर उंचीवरून पडणाऱ्या मुलासाठी तिचा थर किमान २० सेंटिमीटर हवा, आणि खेळताना वाळू बाजूला सरकते म्हणून वर आणखी १० सेंटिमीटर धरायला ते सांगते. मऊपणा हा तिथे मोजायचा गुण आहे. आपल्याकडे तो नशिबावर सोडलेला आहे.

साइटवरच्या ढिगात नुसती वाळू असती तरी एक वेळ ठीक होते. बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे, टाइलच्या कपच्या, फुटक्या गोणीतून सांडून गोळा झालेले सिमेंट आणि कामगारांच्या झोपड्यांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे त्यात असतात. ओल्या कातडीला सिमेंट जाळते, हे आपल्याकडच्या प्रत्येक गवंड्याच्या हातांवर लिहिलेले आहे. जुन्या सिमेंट-पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. अशा पत्र्याचा तुकडा मुलाने दगडावर दगड आपटावा तसा फोडला तर काय उडते, हे मी वेगळे सांगत नाही.

काही ठिकाणी मला खाडीची रेतीही दिसली. शिंपल्यांच्या तुकड्यांवरून ती ओळखू येते. मीठ असते म्हणून ती लोखंडाजवळ आपण जाऊ देत नाही, मग मुलाजवळ का? मीठ धुता येते, पण खाडीत फक्त मीठ नसते. पनवेलच्या भोवतालच्या नद्या काय वाहून नेतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली कुत्री दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. पाण्यातून वाहणारे जड धातू तळाच्या बारीक गाळाला चिकटून राहतात. म्हणून या परिसरातल्या खाडीतून किंवा नदीतून निघालेली वाळू, ती कितीही स्वच्छ दिसली तरी, प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय मुलांच्या खड्ड्यात घालू नका. समुद्रकिनाऱ्यावरून आणायचा विचार तर मनातही नको. किनाऱ्याची वाळू उचलायला किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांनी बंदी आहे, आणि अलिबागचा किनारा अलिबागलाच राहिलेला बरा.

मग कोणती वाळू हवी? मी जे मागतो आहे ते दुर्मिळ नाही आणि परदेशातून आणायचेही नाही.

दाणा गोलसर हवा. नुसत्या डोळ्यांनी कळत नसेल तर साध्या भिंगाखाली चिमूटभर वाळू पाहावी. आकार साधारण ०.१ ते १ मिलिमीटरच्या दरम्यान, थोडे बारीक, थोडे जाड असे मिश्रण हवे. सगळे दाणे एकाच मापाचे असले तर ओल्या वाळूचा बुरूज नीट उभा राहत नाही. फार जाड असले तर बोटांतून सगळे निसटते. वाळू धुतलेली हवी आणि धुतल्यावर चाळलेली हवी, म्हणजे वरचे खडे आणि खालचे पीठ दोन्ही गेलेले असेल. ती कपड्यांवर डाग पाडणारी नको. लोहाचा अंश जास्त असलेली तांबूस वाळू मुलांचे कपडे कायमचे रंगवते, आणि मग आई मुलाला खड्ड्याजवळ जाऊ देत नाही. हे कारण क्षुल्लक वाटेल, पण बरेच खड्डे याच कारणाने ओस पडतात.

अशी वाळू मिळते कुठे? आपण ती आधीच विकत घेत आहात. संकुलातल्या पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये जी वाळू भरली जाते ती धुतलेली, वाळवलेली, ठराविक मापाने चाळलेली क्वार्ट्झची वाळू असते. पाणी शुद्ध करण्याच्या कामाची म्हणून ती विकली जाते, तिचे मापाचे दाखले मिळतात. मोठ्यांच्या पोहण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून आपण दाखला पाहून वाळू घेतो. तोच पुरवठादार दोन-तीन मापांचे मिश्रण मुलांच्या खड्ड्यासाठीही देऊ शकतो. आपल्या राज्यात सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तिथली वाळू काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते. ती घ्यायची तर दाणा किती कोनदार आहे हे आधी पाहावे. दगड फोडून केलेली सिलिका वाळू पांढरी शुभ्र असली तरी टोचते. दुसरा पर्याय म्हणजे नर्मदा किंवा तापीच्या खोऱ्यातून परवान्याने येणारी गुजरातची नदीची वाळू. आपल्याकडचे व्यापारी तिला गुजरात रेती म्हणतात. तिचा दाणा चांगला असतो, पण ती दोनदा धुऊन, चाळूनच वापरावी, आणि गाडीबरोबर रॉयल्टीचा पास असल्याशिवाय साइटच्या फाटकातून आत घेऊ नये. चोरीच्या वाळूचा किल्ला मुलांना बांधायला देऊ नका.

एक इशारा. ओतकामाच्या कारखान्यातून वापरून बाहेर पडलेली काळी वाळू स्वस्तात किंवा फुकटही मिळते. तिच्यात रेझिनचे अवशेष असतात. ती मुलांच्या आसपासही नको.

क्वार्ट्झचे नाव घेतल्यावर काही पालक दचकतील आणि ते योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामावर आयुष्य काढलेल्या मजुरांची फुप्फुसे त्या धुळीने निकामी केली आहेत. पण ती धूळ काही मायक्रॉनची असते. चाळलेल्या वाळूचा दाणा तिच्या कितीतरी पट मोठा, तो फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच धुणे आणि चाळणे ही हौस मानू नका. क्वार्ट्झची वाळू मुलांना द्यायची तर ती पहिली अट आहे.

रंगीत वाळूचा मोह काही प्रकल्पांना आणि त्याहून जास्त बालवाड्यांना होतो. निळी, गुलाबी, पिवळी वाळू फोटोत छान दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मुलांसाठी विकलेल्या रंगीत वाळूत ॲस्बेस्टॉस सापडले. दुकानांतून ती मागे घेतली गेली आणि कॅनबेरात कित्येक शाळा साफसफाईसाठी बंद ठेवाव्या लागल्या. हा प्रकार नवा नाही. १९८६ मध्येच अमेरिकेत फोडलेल्या दगडापासून केलेल्या खेळायच्या वाळूत ॲस्बेस्टॉसचे तंतू असल्याची नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली होती. दगडाची भुकटी कोणत्या खाणीतून आली हे माहीत नसले की त्यात काय मिसळले आहे हेही माहीत नसते. आपल्याकडे रंगीत रांगोळी मुलांच्या खेळाच्या ट्रेमध्ये वाळू म्हणून भरली जाते, तेव्हा मला हेच आठवते. उंबऱ्यावर चिमटीने रांगोळी काढणे वेगळे आणि त्यात मूठमूठ भरून तासभर खेळणे वेगळे.

कायद्यात इथे एक मोठी फट आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. दुकानात मिळणारा अर्धा किलो 'मॅजिक सँड'चा डबा त्या नियमात बसतो. आपल्या संकुलात डंपरने उतरणाऱ्या कित्येक टन वाळूला मात्र कोणी काही विचारत नाही. भारतीय मानक ब्युरोने मुलांच्या खेळाच्या वाळूसाठी वेगळे मानक करावे असे मला वाटते. पण ते होईपर्यंत आपण थांबायची गरज नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्ये चार ओळी लिहिल्या की मानक तयार होते.

आता खर्चाचे बोलू, कारण बैठकीत शेवटी तिथेच अडते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल असा खड्डा घेतला तर त्यात साडेतीन घनमीटरांहून थोडी जास्त वाळू बसते. आपल्या भाषेत सव्वा ब्रास. वजन सहा टनांच्या आसपास. एका घनमीटर काँक्रीटला सातशे-आठशे किलो वाळू लागते. म्हणजे सात-आठ घनमीटर काँक्रीटमध्ये जेवढी वाळू जाते, तेवढ्यात मुलांचा अख्खा खड्डा भरतो. एका मजल्याच्या स्लॅबला आपण किती मिक्सर गाड्या ओततो? वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीच्या हिशेबात सव्वा ब्रास चांगल्या वाळूचा भाव दुप्पट की तिप्पट, हा मुद्दाच होऊ शकत नाही.

खरा खर्च वाळूपेक्षा नियोजनाचा आहे आणि तिथे आपल्याकडून कमी विचार होतो. आजकाल खेळाची जागा बहुतेक पोडियमवर असते, खाली पार्किंग. ओल्या वाळूचे वजन घनमीटरला दोन टनांच्या जवळ जाते. चाळीस सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो. हा भार स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलेला नसेल तर नंतर कोणी तरी घाबरून खड्डा अर्धाच भरतो, आणि मग तो वाळूचा खड्डा न राहता वाळू सांडलेली फरशी होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पाणी जायला वाट ठेवली नाही तर जूनमध्ये खड्ड्याचे डबके होते. वाट ठेवली पण मध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड घातले नाही, तर वाळू पाण्याबरोबर चेंबरमध्ये उतरते, पोडियमचा निचरा तुंबतो आणि खाली उभ्या गाड्यांवर पाणी ठिबकते. मग सर्वसाधारण सभेत ठराव होतो, वाळू काढली जाते आणि तिथे हिरवे प्लास्टिकचे गवत अंथरले जाते. एका संकुलात मी हे सगळे पहिल्या पावसाळ्यापासून गवतापर्यंत डोळ्यांसमोर घडताना पाहिले. दोष वाळूवर गेला. खरे तर वाळूखाली खडीचा थर नव्हता, कापड नव्हते आणि उतार उलटा होता.

म्हणून माझी विनंती आहे की सँडपिट आर्किटेक्टच्या नकाशावर पहिल्या दिवसापासून असू द्या. तळाला उतार, त्यावर खडी, खडीवर कापड, कापडावर वाळू. वर शक्य असेल तर छप्पर, नसेल तर पावसाळ्यापुरते घालता येईल असे घट्ट झाकण. काठ बसता येईल इतका रुंद, कारण आजी-आजोबांना मांडी घालून खाली बसणे जमत नाही आणि मूल एकटे खेळत नाही. शेजारी एक नळ, हात धुवायला आणि वाळू भिजवायलाही. कोरड्या वाळूत मूल पाच मिनिटे रमते, ओल्या वाळूत संध्याकाळ घालवते.

रोजच्या झाकणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यावरून सोसायट्यांत भांडणे होतात. मांजराला मऊ वाळू दिसली की ते तिथेच विधी उरकणार, हा त्याचा स्वभाव आहे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून पडणारी जंतांची अंडी वाळूत दोन-तीन आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि महिनोन्महिने टिकतात. मूल बोटे चोखते तेव्हा ती पोटात जातात. त्यावर उपाय म्हणून मी सफाई कामगारांना वाळूवर फिनेल शिंपडताना पाहिले आहे. त्याने अंडी मरत नाहीत, आणि फिनेल मुलाच्या हातावर राहते. मांजरांना हाकलूनही प्रश्न सुटत नाही, दुसरी येतात. संध्याकाळी मुले गेली की लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला जाळी लावलेले झाकण खड्ड्यावर ठेवायचे, बस. जाळीतून वारा आणि ऊन आत जाते, मांजर जात नाही. ताडपत्री सतत घातली तर खालची वाळू कुबट होते. झाकण दोन माणसांना सहज उचलता आले पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात ते भिंतीला टेकून उभे राहते. सकाळी वॉचमनने दंताळे फिरवून वाळू वरखाली करायची, काही पडले असेल तर घमेल्यात काढायचे. पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी वरची वाळू बदलायची. ही जबाबदारी पुढे सोसायटीच्या कार्यकारिणीची, हे मान्य. पण ताबा देताना पंपाची आणि लिफ्टची माहितीपुस्तिका देता तशी या खड्ड्याचीही एका पानाची सूचना द्या. वाळू कुठून आणली, कोणत्या मापाची आहे, परत कोणाकडून घ्यायची, एवढे लिहिले तरी पुरे.

आणि वाळू उतरवून घेण्याआधी तपासा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोराने हलवून तीन तास ठेवायची. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर जमतो. बांधकामासाठी आठ टक्क्यांपर्यंत गाळ आपण चालवून घेतो. मुलांच्या वाळूत तो जेमतेम दिसावा, त्याहून जास्त नको. ओली मूठ घट्ट दाबून उघडायची, गोळा टिकला आणि तळवा स्वच्छ राहिला तर दाणा बरोबर. पांढऱ्या फडक्यावर ओली वाळू चोळायची, डाग पडला तर परत पाठवायची. शिंपले किंवा संगमरवराची भेसळ वाटली तर थोडे व्हिनेगर टाकून पाहायचे, बुडबुडे आले की समजावे. धातूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते, आणि प्रत्येक नव्या पुरवठादारासाठी ती एकदा करून घ्यावी.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. मुलांच्या वाळूला फार जुना मान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या विचारांच्या लोकांनी मुलांसाठी वाळूच्या पेट्या ठेवल्या. बर्लिनमध्ये हे पाहिलेल्या डॉ. मारी झाकर्झेव्हस्का यांच्या सुचवण्यावरून १८८५ मध्ये बॉस्टनच्या गरीब वस्तीत वाळूचा ढीग टाकला गेला, आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात तिथून मानली जाते. आपल्याकडे तर धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे यांतून शिक्षण उभे केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरीब मुलांसाठी साधने साधी होती, पण ती निवडलेली होती. शिकवणाऱ्या बाईंनी ती हाताळून, पारखून मुलांपुढे ठेवलेली होती. आपल्या कोट्यवधींच्या संकुलांत मुलांपुढे ठेवलेली वाळू कोणी हातात तरी घेऊन पाहिली आहे का?

माझी नात चार वर्षांची आहे. वाटीत वाळू दाबून भरते, उलटी करते, बुरूज ढासळला की थोडे पाणी घालते, जास्त झाले की कोरडी वाळू मिसळते. कोणी शिकवलेले नाही. पाणी आणि वाळूचे प्रमाण ती स्वतः शोधते आहे. आयुष्यभर मी प्रयोगशाळेत मिक्स डिझाइन करत आलो, त्याचा पाया हाच आहे. दिवाळीत किल्ला करायला संकुलातल्या मुलांना माती मिळत नाही, वॉचमनकडे मागून आणावी लागते. पनवेलमध्ये माती-वाळूला हात लावायची जागा मुलांसाठी फार थोडी उरली आहे. जी आपण बांधून देता, ती नीट द्या.

दोन विनंत्या आणखी, आणि त्या आपल्यापुरत्या नाहीत. बांधकाम व्यावसायिकांच्या स्थानिक संघटनेने मुलांच्या वाळूसाठी एक सामाईक तपशील ठरवावा आणि दोन-तीन पुरवठादार एकत्र निवडावेत. मोठी मागणी झाली की धुतलेली, चाळलेली वाळू गोणीत बांधून आपल्या दारात मिळायला लागेल. आज ती अशी तयार मिळत नाही, कारण ती कोणी मागत नाही. तसेच २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या उद्यान विभागाने आपल्या बागांतही हाच तपशील वापरावा. या पत्राची एक प्रत मी त्या विभागाला पाठवत आहे. बागेतले मूल आणि संकुलातले मूल यांत फरक करायचे कारण नाही, आणि बागेत येणाऱ्या मुलांच्या घरी डोळ्याच्या डॉक्टरांचे पैसे सहज असतातच असे नाही.

रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षे आपण दोषांना जबाबदार असता. तो धाक घालण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. वाळूच्या खड्ड्यावरून कोणी रेराकडे जाणार नाही, हे आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणूनच हे आपल्या समजुतीवर सोडावे लागते.

आपल्यापैकी कोणाचा प्रकल्प ताब्याच्या टप्प्यावर असेल आणि खड्डा अजून भरायचा असेल, तर वाळूचा नमुना घेऊन मला बोलवा. चाळण्यांचा संच माझ्याकडे आहे, भिंगही आहे. पैसे घेणार नाही. आधीच क्रश सँड भरली असेल तर ती बाहेर काढून पेव्हरच्या कामाला वापरा, तिथे ती उत्तम बसेल.



आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
नवीन पनवेल